डाव्या बाजूचं वजन

१

रश्मीचं पोटापाण्याचं कामच गाड्या तपासण्याचं होतं. अपघातातून आलेली गाडी विमा कंपनीसाठी बघायची. कुठला मार नवा, कुठला जुना, ते ठरवायचं. त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की रविवारी सकाळी तिचा फोन वाजायचा. ती जायचीही. गाडीपाशी गेल्यावर आधी हात लावायचा नाही, लांबून एक फेरी मारायची, मग उकिडवं बसून खालून बघायचं आणि इंजिन सगळ्यात शेवटी, अशी तिची पद्धत. लोक उलटं करतात, असं ती म्हणायची. आधी बोनेट उघडतात आणि तिथेच फसतात.

या वेळी मात्र फोन आला नाही. तिचा धाकटा भाऊ संघर्ष जेवता जेवता म्हणाला, "ताई, एक गाडी बघायला येशील?"

भाकरी थापणाऱ्या आईचे, भीमाबाईंचे, हात थांबले. उर्मिलाला जाऊन वर्ष होत आलं होतं. बायको गेल्यावर संघर्ष खारी गावातल्या या घरात, आई आणि बहिणीकडे, परत राहायला आला होता. बँकेत जायचा, यायचा, भिंतीकडे तोंड करून झोपायचा. बुद्धाच्या मूर्तीशेजारी उर्मिलाचा फोटो ठेवला होता, तिकडे त्याची नजर जायची नाही. एवढ्या काळात त्याने कुणाकडे काही मागितलं नव्हतं. जेवताना मीठसुद्धा नाही.

"कसली गाडी?" रश्मीने विचारलं.

"स्पोर्ट्स. जुनी, विलायती, दोनच सीटांची. कुणीतरी अर्धी तयार करून सोडलीय. चेण्याला एका शेडमध्ये उभी आहे. स्वस्तात देतायत."

"अर्धवट गाडी स्वस्तच मिळते," रश्मी म्हणाली. "का सोडली ते आधी बघायचं. पैसे संपले म्हणून, का सामान मिळेना म्हणून, का खाली असं काहीतरी निघालं की पुढे हातच लावू नये म्हणून."

"मग ये ना बघायला," तो म्हणाला. आणि त्याने दुसरी भाकरी मागितली.

२

चेणे गावातून नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर ती शेड होती. पत्र्याचं छप्पर, एका अंगाला सिमेंटची भिंत, पुढे शेडच्या मालकिणीचं, गोदूबाईचं घर. गोदूबाई म्हातारी होती पण पाठीत ताठ. कुलूप काढता काढता तिने सांगितलं, "मुंबयचे साहेब भाऱ्यानी होते. त्यांची गारी. आता पुतन्या बोलतं, इकून टाका, शेर मोकली करा. कागद सगले देलेन. मना त्यातला काय कलत न्हाय. तुमी बगा."

पत्र्याला पडलेल्या भोकांतून उन्हाच्या बारीक काड्या गाडीवर पडल्या होत्या. लांब नाक, बसकी पाठ, टप नाही. अंगावर रंगही नाही, नुसता करडा प्रायमर. संघर्ष दारातच उभा राहिला. त्याचे खांदे सैल झालेले रश्मीने पाहिले.

ती कामाला लागली. चासीवरचा नंबर कागदांशी जुळत होता. फडक्यात गुंडाळलेलं चुंबक तिने पत्र्यावरून फिरवलं. सगळीकडे चिकटलं, म्हणजे आत पुट्टी भरून झाकपाक केलेली नव्हती. गाडी जॅकवर उचलून तिने दारांच्या फटी बघितल्या. चासी सडलेली असली तर उचलल्यावर फट बदलते, दार अडकतं. इथे काही हललं नाही. भिंतीलगतच्या खोक्यांत दिवे, काचेची चौकट, आरशांच्या दांड्या, सगळं कागदात गुंडाळून ठेवलेलं. लोक इंजिनाची काळजी करतात, पण खरं रडवतात ते हे किरकोळ तुकडे, कारण ते कुठेच मिळत नाहीत. इंजिन हाताने फिरलं. खालचा पत्रा फक्त डाव्या सीटखाली कापून काढला होता. सडलेला काढला आणि नवा बसवायचा राहून गेला. डावी सीट आडव्या पट्टीवर तशीच बसवलेली होती. तिच्या पुढे, पाय ठेवायच्या जागी, नुसतं भोक होतं आणि खाली शेडची जमीन दिसत होती.

मग रश्मीने गाडी खाली उतरवली आणि मागे जाऊन उकिडवी बसली.

गाडी डावीकडे कलली होती. फार नाही, दोनेक बोटं. चाक आणि पत्रा यांच्यामधली जागा डावीकडे कमी होती.

ती उठून पुढे गेली आणि पुढूनही तेच बघून आली. जुन्या गाड्या कलतात, त्यात नवल नाही. पण कलतात त्या चालकाच्या बाजूला, कारण वर्षानुवर्षं एकटा चालकच बसतो. या गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे होतं.

"काय झालं?" संघर्षने विचारलं.

"काही नाही. स्प्रिंगचे पाटे थकलेत डावीकडचे."

गोदूबाई चहा घेऊन आली. थाळीत ग्लास जास्तीचा होता. दोघांना देऊन तिने उरलेला ग्लास गाडीच्या डाव्या दारापाशी खोक्यावर ठेवला, आणि ठेवल्यावर स्वतःच त्याच्याकडे बघत राहिली.

"सवय राह्यली," ती म्हणाली. "सायबाला दोन लागायचं."

"साहेबांनी गाडी का सोडली, आजी?" रश्मीने विचारलं.

"त्यानी कवा सोरली?" गोदूबाई ग्लास उचलत म्हणाली. "त्यो गेला. गारी राह्यली."

३

घेऊ नको म्हणायला रश्मीकडे कारण नव्हतं. गाडी चांगली होती. अर्धवट गाड्यांत इतकी चांगली तिने बघितली नव्हती. स्कूटरवर मागे बसलेला संघर्ष सबंध रस्ताभर रंगाबद्दल बोलत होता. हिरवा द्यावा का निळा. घोडबंदर रोडवरच्या ट्रकांच्या आवाजात त्याचे निम्मे शब्द हरवत होते, तरी ती हं हं करत होती. भावाचा आवाज इतका वेळ सलग तिने कितीतरी महिन्यांनी ऐकला होता.

गाडी संघर्षची झाली. शेडही त्यानेच भाड्याने ठेवली.

पुढच्या रविवारी रश्मी दोन्ही बाजूंचे पाटे काढून बसली. पाटे सोडवून तिने जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींचा बाक सारखा होता. तरी तिने ते अदलून बदलून बसवले. उजवीकडचे डावीकडे, डावीकडचे उजवीकडे. म्हणजे दोष पाट्यांतच असला, तर कल आता उजवीकडे जायला हवा.

गाडी खाली उतरवली. डावीकडे दोन बोटं.

"जमीन वाकडी असेल," संघर्ष म्हणाला. तो उजव्या सीटवर बसून स्टिअरिंगच्या दांड्याला ग्रीस लावत होता.

रश्मीने गाडी ढकलून उलट तोंडाने उभी केली. मग पाण्याची बाटली आडवी ठेवून जमीन बघितली. मग चाकांतली हवा. मग संघर्षला उतरायला सांगितलं. तो उतरला तशी उजवी बाजू थोडी वर आली आणि डावी आणखी खाली गेली. सीटच्या आतल्या स्प्रिंगांनी एकदा कुर्र केलं, आणि त्या गप्प झाल्या.

तिने सीटवर हात ठेवला नाही. ठेवायला काय हरकत होती, असं तिला घरी आल्यावर वाटलं. जुनं रेक्झिन, आत काथ्या आणि तारा. पण त्या वेळी हात पुढे झाला नव्हता एवढं खरं.

४

हिवाळाभर संघर्ष बँकेतून परस्पर चेण्याला जायला लागला. शनिवार-रविवार तर दिवसभर तिथेच. अंगाला ग्रीसचा वास, नखं काळी, पण चेहऱ्यावर रक्त आलं होतं. घरी आला की जेवायचा, आईला चिडवायचा. एकदा तर फोटोसमोर उभा राहून त्याने फ्रेमवरची धूळ बोटाने पुसली. भीमाबाईंनी आत स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडाला लावला.

डबा मात्र तो जास्तीचा मागायचा.

"एवढं एकटा खातो का रे?" भीमाबाई विचारायच्या.

"भूक लागते, आई. काम असतं."

एका दुपारी रश्मी न कळवता शेडवर गेली. दार लोटलेलं होतं. आतून संघर्षचा आवाज येत होता, निवांत, मधे मधे थांबत. "... तर मॅनेजर म्हणाला, सुट्टी कशाला हवी. मी म्हटलं, घरचं काम आहे." थोडा वेळ काहीच नाही. मग तो हसला, कुणी आपल्याला टोकल्यावर माणूस हसतो तसा. "हो, तेही खरं."

फोनवर असेल, असं रश्मीने स्वतःला सांगितलं. दार ढकलून आत गेली तेव्हा फोन खिळ्याला टांगलेल्या शर्टाच्या खिशात होता. संघर्ष उजव्या सीटवर बसून स्क्रू आवळत होता.

"कुणाशी बोलत होतास?"

"स्वतःशीच," तो सहज म्हणाला, आणि डावीकडे न बघता पुन्हा स्क्रू आवळायला लागला. माणूस एखाद्या बाजूला बघायचं इतकं ठरवून टाळतो, ते तिकडे काही असलं तरच. हे रश्मीच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

घरी तिने आईला सांगितलं. भीमाबाई तांदूळ निवडत होत्या.

"उर्मिलाशी बोलत असंल," त्या खडे बाजूला काढत म्हणाल्या. "तुझे बाबा गेले तवा मी बी बोलायचे, चुलीपाशी. बोलू दे. हसायलंय लेकरू, तू त्यात हात घालू नको."

५

डाव्या सीटखालचा पत्रा बसवायचं काम शेवटपर्यंत मागे राहिलं होतं. संघर्ष ते टाळत होता. रंग झाला, गडद निळा. दिवे लागले, काच बसली, रश्मीने जुळवून दिलेलं इंजिन चालू होऊन धडधडलं. भोक तसंच.

"बिनपत्र्याची गाडी रस्त्यावर न्यायची नाही," रश्मी म्हणाली. "मी माप घेते, हाटकेश भागातल्या वर्कशॉपमधून कापून आणू. लगेच होईल."

संघर्ष गोदूबाईकडे चहा सांगायला गेला. गाडी लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवलेली होती. रश्मी पाठीवर झोपून, हातात टेप घेऊन, डावीकडून खाली सरकली. बाहेर रणरणतं ऊन होतं, पण गाडीखाली गार होतं, तेलाचा आणि मातीचा वास होता. पाठीखालची जमीन ओलसर लागली. ती सरकत सरकत भोकाच्या खाली आली आणि तिने वर बघितलं.

वर, भोकाच्या चौकटीत, दोन तळवे होते.

शेजारी शेजारी, टेकवून ठेवलेले. खाली टेकायला काही नव्हतं, तरी तळव्यांची कातडी दाबली जाऊन पसरली होती, जमिनीवर उभ्या माणसाची पसरते तशी. टाचांना खोल भेगा. भेगांत काळी माती. अंगठे रुंद, बाहेर वळलेले. उजव्या पायाची बोटं एकदा आत दुमडली आणि परत सरळ झाली, बसून बसून पाय अवघडल्यावर करतात तशी.

रश्मी ओरडली नाही. तिला आठवलं ते हॉस्पिटल. उर्मिलाचे शेवटचे दिवस. ताप उतरेना, पाय गार पडायचे, तेव्हा रश्मीच पायथ्याशी बसून तेल चोळायची. उर्मिलाची पावलं लहान होती, शाळकरी मुलीची असावीत तशी. डाव्या पायावर दुधाचं पातेलं सांडल्याचा गुळगुळीत चट्टा होता. ते पाय रश्मीने डोळे मिटूनही ओळखले असते.

हे पाय उर्मिलाचे नव्हते.

बायकोचे की पुरुषाचे, तेही सांगता येत नव्हतं. जुने होते, आणि खूप चाललेले.

तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा भोकात सीटच्या तारा आणि त्यापलीकडे छपराचा पत्रा दिसत होता. काळोखातून वर बघितलं की डोळ्यांना असं होतं, कुणालाही होतं. तिने माप घेतलं. टेपचा आकडा तिला दोनदा वाचावा लागला. मग ती सरकत बाहेर आली आणि उन्हात जाऊन बसली.

६

पत्रा बसला. काम करणारा वेल्डिंग करून गेला, दोघं भाऊबहीण शेडच्या उंबऱ्यावर बसले. नदीच्या बाजूने वारा येत होता. संघर्ष निळ्या बोनेटकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "तू त्या दिवशी खाली गेली होतीस. काही दिसलं का?"

रश्मीने खूप विचार करून ठेवला होता. आईचा चेहरा, ते फोटोवरचं बोट, पुन्हा भरायला लागलेलं त्याचं ताट, हे सगळं तिने तराजूत घातलं होतं. "हो," ती म्हणाली. "उर्मिलाच आहे."

संघर्षने तिच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत इतकी माया होती की तिला मान खाली घालावी लागली.

"उर्मिला नाहीये ती," तो म्हणाला. "मला पहिल्या आठवड्यातच कळलं. उर्मिला इतका वेळ गप्प बसली असती का? माझं एक वाक्य तरी पुरं होऊ दिलं असतं?" तो थोडा हसला. "सुरुवातीला मी ठरवूनच टाकलं होतं, तीच म्हणून. नंतर नाही जमलं."

"मग कोण आहे?"

"माहीत नाही. विचारलं नाही."

"संघर्ष, विकून टाकू. आजच सांग, मी उद्या गिऱ्हाईक आणते."

"कुणीतरी शेजारी बसलेलं असतं, ताई," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी यायच्या वेळी मी उठलो की त्याला वाईट वाटतं. मला कळतं ते. तुला नाही सांगता येणार. आणि त्याला कुठेतरी जायचंय. इतके दिवस गाडी चालत नव्हती, म्हणून बसून होतं. आता चालते. मी सोडून येतो."

"कुठे?"

"निघाल्यावर कळेल."

७

रविवारी सकाळी त्याने गाडी बाहेर काढली. गोदूबाई अंगणात उभी होती. गाडी बघून ती घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं.

रश्मी गाडीसमोर उभी राहिली. "मी येते तुझ्याबरोबर."

"जागा कुठाय, ताई?" संघर्ष हळूच म्हणाला.

उजवीकडे तो बसला होता. डावीकडे रिकामं रेक्झिन, मधोमध खोलगट झालेलं. रश्मी बाजूला झाली. का झाली, हे तिने पुढे अनेकदा स्वतःला विचारलं. तो जबरदस्ती करत नव्हता, चिडलाही नव्हता. पाहुण्याला स्टेशनवर सोडायला निघालेल्या माणसासारखा दिसत होता. अशा माणसाला काय म्हणून अडवायचं?

गाडी चढण चढून मोठ्या रस्त्याकडे गेली. आवाज ट्रकांच्या आवाजात मिसळला.

ती थांबली. दुपारी आईचा फोन आला, जेवायला कधी येता. तिने सांगितलं, येतो. ऊन कलायला लागलं तेव्हा वाटेवर ते इंजिन ऐकू आलं. ते तिने स्वतःच्या हाताने जुळवलेलं होतं, हजारात ओळखलं असतं. ती शेडमागच्या नळाशी होती. धावत पुढे येईपर्यंत इंजिन बंद झालं.

गाडी शेडच्या भिंतीला लागून उभी होती. इतकी लागून की उजवं दार उघडलंच नसतं. संघर्ष डाव्या सीटवर बसला होता.

दार उघडेना म्हणून तो सरकून इकडे आला असणार, रश्मीने मनाशी म्हटलं. पण दोन सीटांच्या मधे मांडीइतका उंचवटा होता, त्यावर गिअरचा दांडा, त्यामागे हँडब्रेक. लांब पायांच्या माणसाला ते ओलांडायला निदान धडपड करावी लागली असती. आणि तो असा बसला होता, दोन्ही हात मांड्यांवर, नजर समोर, की सकाळपासून तिथेच बसलेला असावा.

"सोडलंस?" तिने विचारलं. "संघर्ष, कुठे सोडलंस?"

तो समोर बघत राहिला. तिने डावं दार उघडलं तेव्हा तो उतरला, दुसऱ्याने दार उघडल्यावरच उतरायचं असतं असं शिकवलेल्या माणसासारखा.

८

डॉक्टर म्हणाले, दुःख कधी कधी उशिरा येतं. औषधं दिली. बँकेने रजा दिली, मग आणखी दिली. संघर्ष वाढलं की जेवतो, ऊठ म्हटलं की उठतो, बोलत मात्र नाही. भिंतीकडे तोंड करून झोपत नाही. उताणा झोपतो, डोळे उघडे ठेवून. भीमाबाई त्याच्या हातात हात घेऊन बसतात. "समोर तं हाय लेकरू," त्या म्हणतात. 

गाडी विकावी असं तिच्या मनात खूप वेळा आलं. पण रविवारी चेण्याला जाऊ या म्हटलं की त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हलतं, आणि दुसऱ्या कशानेच हलत नाही. म्हणून ती त्याला नेते. डावं दार उघडते, तो बसतो. ती चालवते. घोडबंदर रोडने खाडीच्या बाजूला जाऊन परत.

जाताना ती बोलते. ऑफिसमधलं, बिल्डिंगमधलं, आईच्या गुडघ्याचं. सुरुवातीला तिला लाज वाटायची, आता वाटत नाही. बोलताना ती मधे थांबते, उत्तराला जागा देऊन, आणि पुढे सांगायला लागते.

परवाच्या रविवारी खाडी दिसायला लागली तेव्हा तिला सांगायला काही उरलं नव्हतं. वारा होता, इंजिन एका सुरात चाललं होतं. तिने विचारलं, "ऐकतोयस ना रे?"

खूप वेळाने डावीकडून आलं, "हूं."

इतक्या महिन्यांनी आलेला पहिला आवाज. आनंद व्हायला हवा होता. पण नुसत्या हुंकारावरून माणूस ओळखता येत नाही. म्हाताऱ्याचा, तरुणाचा, बाईचा, सगळ्यांचा सारखाच लागतो. मान जराशी वळवली असती तर कळलं असतं. जन्मभर ती लोकांना तेच सांगत आली होती, आधी नीट बघा म्हणून.

समोर ट्रकांची रांग होती. रश्मीने दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले आणि नजर रस्त्यावर ठेवली.

"तर," ती म्हणाली, "आईला काल काय झालं, सांगते."